चालवायचा हक्क

फोन मानेत धरून शितल डब्याचं झाकण उघडत होती. झाकण हटून बसलं होतं, आणि पलीकडून सरूबाई विचारत होत्या, "मोटार चालू हाय का गं बंद?"

"कुठली मोटार, मामी?"

"आपली. नदीवरली. ह्यांच्या फोनवर हिरवं दिसतंय, चालू म्हणून. आन् हे तर गाळ काढाया हौदात उतरल्यात."

झाकण निघालं आणि मटकीची उसळ टेबलावर सांडली, थोडी तिच्या मांडीवरही. शितलनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. बारा वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

"कधी उतरले?"

"आकराच्या टायमाला गेलेत घरनं. फोन घरीच ठिवत्यात, भिजतो म्हणून."

"बरोबर कोण आहे?"

"म्हाळू असंल शेळ्या घिऊन. असंल न्हाईतर नसंल. दत्ता तर शिरूरला गेलाय, मोटारीचं पॅकिंग आणाया. सकाळीच बंद करून गेलाय त्यो."

"मामी, तुम्ही आधी हौदाकडं जा. पळत जा. वरून हाक मारा, वर या म्हणावं, लगेच."

सरूबाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. फोन कट झाला.

आता दौंडात बसलेल्या माणसानं काय करायचं? स्टेशनजवळच्या ऑफिसातून शिरूर तालुक्यातली भोकरमाळ वस्ती गाठायची तर कवठे येमाई ओलांडून पुढं जायचं. गाडी काढली तरी दोन तास. आणि मोटारीला तेवढा वेळ लागत नाही. नदीवरची मोटार पाणी उचलते, सव्वादोन किलोमीटर पाइपातून माळावर चढवते आणि तिथल्या बंदिस्त हौदात टाकते. हौदातून मग तीन चाकं फिरवून गावच्या पाणीसंस्थेच्या एकशेचाळीस सभासदांच्या रानात पाणी जातं. हौद बारा फूट खोल. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड, खाली उतरायला भिंतीतल्या लोखंडी कड्या, आणि तळाशी पाइपाचं तोंड. दत्तानं बंद करताना पाइप रिकामा केला असेल तर पाणी वर पोचायला दहा-बारा मिनिटं लागतात. भरलेला असेल तर लागतच नाहीत.

त्या तळाशी सरूबाईंचे यजमान हौसराव फावड्यानं गाळ ओढत होते. बावीस वर्षं संस्थेचं पाणीवाटप त्यांच्याकडं होतं. कान जरा मंद झाले होते, पण कुणाची पाळी कधी, हे सांगायला त्यांना वही लागत नव्हती.

शितलनं स्वतःच्या फोनवर मोटार चालू-बंद करायचं पान उघडलं, तिनंच बनवलेलं. हिरवी पट्टी: मोटार चालू आहे. तिनं 'बंद' दाबलं. पट्टी लाल झाली. तिनं ओढणीनं मांडी पुसली आणि पुन्हा बघितलं, तर पट्टी हिरवी.

तिला वाटलं रेंजचा घोळ असेल. पुन्हा बंद. पुन्हा लाल. तिनं आकडे मोजले. एकवीस, बावीस, तेवीस. हिरवी.

कोणीतरी मोटार चालू करत होतं. मोटार सांभाळणारा दत्ता शिरूरला आहे, हौसराव हौदात आहेत, मग तिसरं कोण? तिनं पुन्हा 'बंद' दाबून संस्थेचा ग्रूप उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी चेअरमन बाळासोंनी ग्रूपवर निरोप टाकला होता. 'आपली मोटार, आपल्या हातात. घरबसल्या बघा. तालुक्यात एक नंबर संस्था.' खाली निळ्या अक्षरात पानाचा पत्ता. निवडणूक पुढच्या महिन्यात होती, तेव्हा असे निरोप रोजच यायचे. पण बाळासोंनी पत्ता उचलला होता तो सकाळी स्वतः मोटार चालू केल्यावर समोर दिसत होता तो. त्या पत्त्याच्या शेवटी चालू करायचा हुकूम चिकटलेलाच होता. जो कोणी नुसतं बघायला म्हणून निळ्या अक्षरावर बोट ठेवील, तो मोटार चालू करणार होता. आणि फुकटात बघायचं म्हटल्यावर भोकरमाळात कोण मागं राहणार?

तिनं ग्रूपवर लिहिलं: 'कोणीही वरची लिंक दाबू नका. हौसामामा हौदात आहेत.'

लगेच उत्तर आलं: 'कंची लिंक?'

आणि पट्टी हिरवी झाली.

शितलनं लॅपटॉप ओढला. पंपघरातला छोटा कॉम्प्युटर मोबाइलच्या सिमवर चालत होता. तो दुरून जोडला जायला कधी दहा सेकंद लागायची, कधी मिनिट. तिनं पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला. शेजारच्या टेबलावरची सुवर्णा म्हणाली, "अगं, डबा सांडलाय तुझा." डाव्या हातानं ती फोनवर 'बंद' दाबत होती, थांबून पुन्हा दाबत होती. मोटार थांबली तरी वर चढलेलं पाणी मागं येत नव्हतं, खाली झडप होती. म्हणजे प्रत्येक वेळी चालू झाली की पाणी आणखी थोडं पुढं सरकणार. किती पुढं आलंय हे दौंडात बसून कळायला मार्ग नव्हता.

जोडणी लागली.

मोटार चालवणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. सी भाषेत, नीट घासूनपुसून, चाचण्या करून. फोनवरचं पान एका स्क्रिप्टला सांगतं, स्क्रिप्ट त्या प्रोग्रामला हाक मारते, प्रोग्राम स्टार्टर ओढतो किंवा सोडतो. चालू करणारा तोच, बंद करणाराही तोच. कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलला असतात तसे त्यालाही तीन हक्क: बघायचा, बदलायचा, चालवायचा. आणि हे हक्क कुणाला द्यायचे ते फाइलच्या मालकानं, म्हणजे तिनं, ठरवायचं.

तिनं सगळे हक्क काढून घेतले. शून्य, शून्य, शून्य. आता ना स्क्रिप्ट चालवू शकणार, ना चेअरमन, ना ग्रूपवरचे एकशेचाळीस.

पट्टी हिरवी होती.

तिनं लॅपटॉपवरूनच बंदचा हुकूम दिला. पडद्यावर एक ओळ आली: परवानगी नाही.

तिनं पुन्हा दिला. परवानगी नाही.

घाईत तिनं दार असं लावलं होतं की तिलाही आत जाता येईना. मोटार चालू आणि ती बंद करणाऱ्याचे हातपाय बांधलेले.

हीच ओळ तिनं वर्षापूर्वी बघितली होती, उद्घाटनाच्या दिवशी. पंपघरासमोर मांडव, मांडवात खुर्च्या, बाळासोंच्या हातात फोन. बटण दाबलं तर परवानगी नाही. प्रोग्राम चालवायचा हक्क तिनं फक्त मालकाला ठेवला होता, आणि पानामागची स्क्रिप्ट दुसऱ्याच नावानं चालायची. नीट करायचं तर स्क्रिप्टला वेगळी ओळख द्यायला हवी होती, सभासदांना पासवर्ड द्यायला हवे होते. दोन दिवसांचं काम होतं. बाळासो मागं उभं राहून हळूच म्हणाले, "शितल, आमदारांचा माणूस आलाय. इज्जतीचा प्रश्न हाय." तिनं सात-सात-सात टाकलं. सगळ्यांना सगळे हक्क. मोटार सुरू झाली, टाळ्या पडल्या, तिला शाल मिळाली. उद्या नीट करू म्हणून तिनं त्या दिवशी वेळ मारून नेली, आणि तो उद्या वर्षभर आलाच नाही. पानावर एकदा सभासद क्रमांक टाकला की झालं, पुढं फोन तो लक्षात ठेवायचा. कोणीही कोणाचाही टाकावा.

तिनं चालवायचा हक्क एकट्या मालकाला परत दिला. बंद.

पट्टी लाल झाली. तिनं आकडे मोजले. पन्नासपर्यंत गेली. शंभरपर्यंत गेली. लालच राहिली. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं.

मग वाट बघणं आलं. सरूबाई बरोबर घेऊन गेल्या असतील म्हणून हौसरावांच्या फोनवर लावला, रेंज नाही. माळावर तशी कधीच नसायची. दत्ताला लावला, तो अजून शिरूरातच होता, ऐकताच म्हणाला, "निघालो," आणि गाडीचा आवाज आला. शितल खुर्चीत बसली नाही. खिडकीशी उभी राहिली आणि तिला ती जुनी रीत आठवली.

आधी हौदात उतरणारा माणूस पहिल्यांदा पंपघरात जायचा, बोर्डातले तिन्ही फ्यूज काढायचा आणि बंडीच्या खिशात घालून माळ चढायचा. मोटार सुरू करायला आलेल्याला फ्यूज दिसले नाहीत की तो समजायचा, आत कोणीतरी आहे. ना कागद, ना सही. बाहेर येऊन त्यानंच फ्यूज बसवायचे, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. भोकरमाळात भांडणं कमी नव्हती, सख्ख्या भावाचं पाणी तोडणारे होते, पण फ्यूजच्या बाबतीत कधी कोणी दगा दिला नव्हता. शितलनं कॉम्प्युटर बसवला तेव्हा फ्यूज काढले की तो बंद पडायचा आणि पुन्हा सुरू होताना नखरे करायचा. म्हणून तिनं पंपघराच्या दारावर कागद चिकटवला: 'कोणीही फ्यूज काढू नये.' म्हाळूनं कुरकुर केली तेव्हा हौसरावच त्याला म्हणाले होते, "पोरीनं लिव्हलंय म्हंजी इचार करूनच लिव्हलं असंल."

विचार तिनं कॉम्प्युटरचा केला होता. उतरणाऱ्या माणसाचा केला नव्हता. हे आता दौंडच्या खिडकीत उभं राहून कळत होतं, आणि काय उपयोग होता त्या कळण्याचा?

एक वाजून नऊ मिनिटांनी फोन आला. नंबर हौसरावांचाच. तिनं उचलला.

"शितल," हौसराव म्हणाले, "मी वर हाय. नीट हाय."

ती खाली बसली. सुवर्णानं तिच्या हातातून फोन घ्यायला बघितला, पण तिनं दिला नाही.

"पाणी आलं का मामा?"

"पानी न्हाई. वारं आलं. पाइपातनं गार वारं लागलं पायाला, म्हणलं ह्यो आता पानी घिऊनच येतोय. फावडं टाकलं आन् कड्या धरल्या. वरच्या कडीवरनं पाय निसटला, घोटा सुजलाय जरा. तुझी मामी आली धापा टाकीत, तिलाच धरून माळ उतरलो, रेंज घावस्तवर." मग थोडं थांबून ते म्हणाले, "रडू नको. झालं ते झालं."

संध्याकाळी बाळासोंचा फोन आला. सुरुवातीला देवाची कृपा वगैरे झालं. मग ते म्हणाले, "कुणी कुणी दाबली त्याची यादी निघती का? तवढी धाड." शितल तेव्हा गावाकडं निघालेल्या एस.टी.त होती. तिनं लॅपटॉप मांडीवर उघडून यादी काढली आणि धाडून दिली. धाडल्यावर वाचली. हीसुद्धा तिचीच चूक.

ग्रूपवर निरोप पडल्यापासून एकूण सात जणांनी मोटार चालू केली होती. पहिली नोंद बारा वाजून एकतीस मिनिटांची. सभासद क्रमांक त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी म्हणजे हौसराव.

हौसराव त्या वेळी हौदात होते आणि त्यांचा फोन घरी होता. बारा चौतीसला त्याच फोनवरून सरूबाईंचा फोन आला होता. शितलनं दोन्ही वेळा ताडून बघितल्या, लॅपटॉप मिटला आणि शिरूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

सभा तिसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या मंडपात भरली. ती सुरू व्हायच्या आधी बाळासोंनी शितलला चिंचेखाली बोलावून घेतलं.

"तुझं नाव कुठंच येत न्हाई ह्यात," ते म्हणाले. "मी बघतो. घोडनदीकाठच्या आणखी चार संस्था इचारत्यात असंच बसवून द्या म्हणून. मी तुझंच नाव सांगितलंय. तू फकस्त गप ऱ्हा."

चार संस्थांची कामं म्हणजे दौंडची नोकरी सोडून शिरूरात स्वतःचं दुकान टाकता आलं असतं. तिनं जागाही बघून ठेवली होती, बाजारतळाजवळ. ती गप्प राहिली आणि आत जाऊन खांबाला टेकून बसली.

हौसराव पुढं बसले होते, घोट्याला फडकं गुंडाळलेला पाय लांब करून. सरूबाई आल्या नव्हत्या. बाळासोंनी घसा साफ केला आणि फोनमधली यादी वाचली. शेवटच्या नावापासून सुरुवात करून पहिल्यावर आले, तिथं थांबले.

"आन् सगळ्यात आधी मोटार चालू झाली ती त्र्याऐंशी नंबरवरनं. आता त्र्याऐंशी कोण, ते मी सांगाया पायजे का?"

मंडपात कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, "म्हंजी सवताच चालू केली आन् सवताच उतरलं म्हणायचं."

"वय झालं की व्हतंय असं," बाळासो अगदी मायेनं म्हणाले. "कुणाला दोष देत न्हाई मी. पण उद्या काय बरंवाईट झालं तर संस्था अडकती. माझं म्हणणं, हौसरावांनी आता इस्रांती घ्यावी. पाणीवाटपाला दुसरा माणूस बघू. सत्कार करू त्यांचा."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. पत्ता ग्रूपवर टाकणारा खुर्चीत, दार उघडं टाकणारी खांबाला टेकून, आणि बावीस वर्षांत एका सभासदाची पाळी न चुकवलेल्या माणसाला भ्रम झाला म्हणून घरी बसवायचं. शितलनं हौसरावांकडं बघितलं. ते मान खाली घालून घोट्यावरचं फडकं नीट करत होते. एकदासुद्धा म्हणाले नाहीत की फोन माझ्याकडं नव्हता.

"हौसराव, तुमचं काय म्हणणं?" म्हाळूनं विचारलं.

"काय म्हणणार? झाली असंल चूक. आता ध्यान ऱ्हात न्हाई पयल्यासारखं."

शितल उठली.

"त्या वेळी फोन..." ती म्हणाली, आणि हौसरावांनी वर बघितलं. मान हलवली, अगदी थोडी, माशी हाकलावी इतकीच. तिच्या तोंडातलं वाक्य तिथंच अडलं. मंडप वाट बघत होता. बाळासोंच्या कपाळावर आठी पडली होती.

तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

"त्र्याऐंशी नंबर टाकला म्हणजे ते हौसामामाच, असं होत नाही. त्या पानावर पासवर्डच नव्हता. मी ठेवला नव्हता. तुमच्यापैकी कोणीही त्र्याऐंशी टाकलं असतं तरी पान उघडलं असतं. मी टाकलं असतं तरी. त्यामुळं त्या यादीला काही अर्थ नाही."

"मग अर्थ कशाला हाय?" कोणीतरी विचारलं.

"मोटार चालवायचा हक्क कोणाला, हे मी ठरवायचं होतं. उद्घाटनाला चालेना म्हणून मी तो सगळ्यांना देऊन टाकला. जगात कोणीही ते पान उघडून मोटार चालू करू शकत होता, वर्षभर. मला माहीत होतं. उद्या करू म्हणून ठेवलं. आणि दारावर फ्यूज काढू नका म्हणून लिहिलं तेही मीच. मामा आधीसारखे फ्यूज खिशात घालून गेले असते तर काही झालंच नसतं. माझ्या कागदामुळं ते तसे गेले. चूक झाली ती माझी आहे."

ती एवढं बोलली तेव्हा तिला वाटलं होतं की लोक ओरडतील. नुसतेच बघत राहिले, ते जास्त लागलं.

"कॉम्प्युटरला मी काल बॅटरी बसवली," ती म्हणाली. "आता फ्यूज काढा, काही बिघडत नाही. कागद फाडून टाकलाय. आणि चालवायचा हक्क आता फक्त एकाच नंबरला ठेवणार आहे. तो कोणाचा, ते तुम्ही सांगा."

"हौसरावाचा," म्हाळू बसल्या जागेवरून म्हणाला. "हौदात कोण हाय आन् कोण न्हाई, ते त्यालाच ठाव असतं. दुसऱ्या कुणाचा हात नकोच बटणावर."

दोघंतिघं व्हय व्हय म्हणाले. मग मागचे म्हणाले. बाळासोंनी वाऱ्याची दिशा ओळखली आणि तेच ठरावात लिहून घेतलं. शितलकडं मात्र त्यांनी परत बघितलं नाही. चार संस्थांचं नाव त्यानंतर निघालं नाही, तिनंही काढलं नाही.

सभा सुटल्यावर ती हौसरावांच्या घरी गेली. ते मळ्यातल्या घराच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसले होते. सरूबाई लसूण सोलत होत्या. शितलला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं आणि हौसरावांचा फोन आतून आणून दिला.

"एकट्या ह्यांनाच दिला म्हणं हक्क. म्हाळू सांगत गेला रस्त्यानं." त्यांचा चेहरा उजळला होता. "आन् मी काय म्हणते, त्या दिशी मी फोन बघितला म्हणून तर बरं झालं. हे गेल्यावर ग्रूपवर काय तरी आलं, ह्यांच्या कामाचं असंल म्हणून बोट ठिवलं, तर हिरवं. चालू. म्हणलं आगं बया, कुणी चालू केली आन् हे तर आत. तवाच तुला लावला."

"हो मामी," शितल म्हणाली. "तुमच्या फोनमुळंच."

"तरी हे म्हणत्यात, फोनशी खेळत जाऊ नको."

हौसराव रस्त्याकडं बघत होते. शितलनं फोनवर पान उघडलं, त्र्याऐंशी टाकलं आणि नवीन पासवर्ड विचारायला तोंड उघडलं.

"माझ्या नंबराला नको," हौसराव म्हणाले.

"मामा, सभेनं ठरवलंय."

"सभेला मी सांगतो. चालवायचं दत्ताकडं दे. त्यो मला इचारल्याबिगर करणार न्हाई काय. माझ्यावर नुसतं बघायचं ठिव."

"आवं, काय बोलताय?" सरूबाईंनी कपाळाला हात लावला. "येवढ्या लोकांत मान दिला. बाळासो घालवाया निघाला व्हता तुम्हाला, आन् आता मिळालेलं सवताच परत करता व्हय?"

"मला त्या फोनमधलं कळत न्हाई."

"कळत कसं न्हाई? सगळ्या गावाला शिकवलं तुम्हीच."

"डोळ्यांला दिसत न्हाई बारीक. बास." ते शितलकडं वळले. "बघायचं ठिव. बाकी काढून टाक."

शितलला ते कळलं. हौदात उतरताना हौसराव फोन घरीच ठेवणार, आणि घरी तो कोणाच्या हाताशी असणार. एवढी साधी गोष्ट सभेत एकालाही सुचली नव्हती, तिलाही नाही. तिनं लॅपटॉप उघडला, दत्ताच्या नंबरापुढं चालवायचा हक्क लिहिला आणि त्र्याऐंशीच्या पुढं एकच खूण ठेवली. बघणे. फोनवर लाल पट्टी आली: मोटार बंद आहे. खाली बटण नव्हतंच आता.

हौसराव काठी घेऊन उठले आणि लंगडत गोठ्याकडं गेले. सरूबाई त्यांच्या पाठीकडं बघत काही तरी पुटपुटल्या. मग त्यांनी सूप परत पुढं ओढलं आणि लसणाची गड्डी हातात घेतली.

शितल लॅपटॉप आवरायला लागली.

"शितल," सरूबाई म्हणाल्या. वर बघितलं नाही, नखानं साल काढत राहिल्या. "आता माझ्या बोटानं काय चालू व्हणार न्हाई ना?"

शितलचा हात लॅपटॉपवर थांबला.

"नाही मामी. आता नुसतं दिसतं."

"पक्कं?"

"पक्कं. कितीही वेळा हात लावलात तरी."

सरूबाईंनी मान हलवली. सोललेली पाकळी सुपात टाकली, दुसरी घेतली. तिची साल नीट निघत नव्हती.

"मी इचारलं म्हणून ह्यांना बोलू नको," त्या म्हणाल्या. "लई जपत्यात मला."

गोठ्याकडून हौसरावांनी आवाज दिला, पोरीला चहा तरी टाकला का म्हणून.

"टाकते," सरूबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून आत गेल्या.